जिथे कुणी विचारलं नव्हतं

एकलहरे कॉलनी, नाशिक रोड
१ ऑगस्ट १९८३

पूज्य भिक्खू रतनपाल यांस, वंदामि.

वरची ओळ रीतीसाठी आहे. आत तू झुंबर आणि मी तुझी विमलताई. चार वर्षांत तुला एक अक्षर लिहिलं नाही, आणि आज लिहितेय म्हणजे राग गेला असं समजू नकोस. तू लंकेहून नाशिकला येऊन परत निघालास तेव्हा स्टेशनवर मी तुझा हात धरला, आणि विहाराच्या सगळ्या मंडळींदेखत तू तो विस्तव लागल्यासारखा काढून घेतलास. भिक्खूला बाईचा स्पर्श चालत नाही हे मला माहीत आहे. पुस्तकं मीही वाचते, शाळेत शिकवते. पण तुझं शेंबडं नाक पुसायला हाच हात चालत होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

लिहायला बसले ती रेडिओमुळे. आठवडाभर बातम्यांत कोलंबो, कोलंबो चाललंय. तमिळ लोकांची दुकानं जाळली, घरं जाळली. तुझे दाजी पॉवर स्टेशनमधून पेपर घेऊन येतात. त्यात आलंय की जमाव रस्त्यात गाड्या थांबवतो आणि आतल्या माणसाला विचारतो, तू कोण? सिंहली बोलून दाखव म्हणतात. ज्याची जीभ अडखळली त्याला खाली ओढतात. मी पेपर बाजूला ठेवला आणि पोळ्या करायला उठले, पण पोळ्यांत लक्ष लागेना. मला सारखं आपलं जाणं आठवत होतं.

त्र्याहत्तरचा मे महिना. आपल्याकडे दुष्काळ, शाळेत आम्ही मुलांना सुकडी वाटत होतो. अण्णा गेल्यावर आईने एकच हट्ट धरला होता. बुद्धाला ज्या झाडाखाली ज्ञान झालं त्याची फांदी लंकेत नेऊन लावली, ते झाड बघायचं. विहाराच्या मंडळींबरोबर आपण तिघं निघालो. आठवतं का, रामेश्वरला गाडीतून उतरलो तर जो तो विचारायचा, दर्शनाला ना? आई प्रत्येकाला सांगायची, "नाय बाबा, आमी म्होरं चाललो." बोटीत तू ओकून ओकून अर्धा झालास आणि आई तुझं कपाळ धरून बसली. पलीकडे आगगाडीतून तळी दिसायला लागली, काठोकाठ भरलेली. आपल्याकडे विहिरींच्या तळाला चिखल होता. आईने खिडकीतूनच पाण्याला हात जोडले.

अनुराधपूरला वैशाख पौर्णिमा. सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत, घराघरावर कागदी कंदील, आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलांसारखे. वाटेत मांडव घालून लोक येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून जेवायला घालत होते. एका मांडवाशी आईला तहान लागली. ती सवयीने चार हात लांब उभी राहिली आणि ओंजळ पुढे केली, वरून पाणी ओतावं म्हणून. त्या बाईला काही कळेना. तिने आईच्या ओंजळीत सरळ पेलाच ठेवला. आई तो पेला धरून उभीच राहिली. मी म्हटलं, अगं पी की.

आणि मग झाड. तिथल्या मऊ वाळूत आई बसली आणि मला म्हणाली, "विमल, इथं कुनी इचारलंच नाय गं, तुमी कोन म्हून." काळारामाच्या बंद दारापुढे आजोबांनी किती वर्षं काढली हे ऐकत ती आपल्या घरात नांदली. दुपारभर ती त्या वाळूवर झोपली. दिवसा झोपलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्या देशात आता विचारतात म्हणे.

कनगसबै कसा आहे ते कळव. तू राहतोस त्या गावच्या चौकातला खानावळवाला. तरुणपणी माटुंग्याला मेसमध्ये काम केलं म्हणून त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं आणि आपल्याला बघून त्याला कोण आनंद झाला होता. त्या वर्षी तिकडेही तांदळाचं रेशन होतं. त्याने स्वतःच्या घरचा भात आपल्याला वाढला आणि त्याच्या दोन चिमुरड्या मुली कसलेसे उकडलेले कंद खात आपल्याकडे बघत होत्या. तो तमिळ आहे रे. तेव्हा आपल्या हे लक्षातही आलं नव्हतं, यायचं काही कारणही नव्हतं.

आई सारखी विचारतेय, म्हणून लिहिलं. तूही जपून राहा. तू काळा, नाकीडोळी आपल्यासारखा. चीवर अंगावर असलं तरी अंधारात कुणाला काय दिसतं.

विमलताई

&nbsp;

एकलहरे
२० ऑक्टोबर १९८३

झुंबर,

तुझं पत्र आलं. मागच्या पत्रात मी आई विचारतेय असं लिहिलं, ते खोटं होतं. मी तुला लिहिलं हे तिला ठाऊकच नव्हतं. रेडिओ लागला की मी बटण फिरवत होते. पण पोस्टमनने पत्र नेमकं तिच्याच हातात दिलं आणि परदेशी तिकीट बघून ती दारातच बसली. मग वाचून दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

कनगसबैची खानावळ जाळली, हे वाचताना तिने डोळ्याला पदर लावला. मग तू लिहिलंयस की तो, बायको पुष्पम आणि मुली तुमच्या विहारामागच्या धर्मशाळेत लपले, आणि जमाव मशाली घेऊन दाराशी आला तेव्हा मोठे भंते आणि तू दारात उभे राहिलात. जमावात तुला रोज भिक्षा वाढणारी माणसं होती. कुणीतरी दगड मारला, तो तुझ्या खांद्याला लागला. मोठे भंते म्हणाले, आत यायचं तर या, आम्हाला ओलांडून या. आणि जमाव परत गेला.

आईने तेवढं मला पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा. शेजारच्या लंकाबाई आल्या, त्यांच्यासाठी पुन्हा. आता माझं ते पाठ झालंय. रात्री जेवताना आई तुझ्या दाजींना म्हणाली, "माझा झुंबर दारात उभा ऱ्हायला." दाजींनी मान हलवली. त्यांनी तुला पॉवर स्टेशनात नोकरी बघून ठेवली होती आणि तू तिकडेच राहिलास, म्हणून ते तुझं नाव काढत नसत. परवापासून काढतात.

मीही मनातून फुगले आहे, उगीच कशाला लपवू. पण आता पुरे. कनगसबै त्याच्या लोकांकडे मन्नारच्या बाजूला सुखरूप पोचला, तुझं काम झालं. तू घरी ये. आज लोक परत गेले, उद्या जातीलच असं नाही. आणि दुसऱ्या, तमिळ बाजूलाही आता बंदुका आल्या आहेत, हे पेपरात येतंच आहे.

तू म्हणशील, आईने दिलंय मला. हो, दिलंय. त्र्याहत्तरच्या त्याच फेरीत, मी तिथेच होते ना. आईबापांची परवानगी असल्याशिवाय चीवर मिळत नाही, मग दीक्षा घेणारा सात वर्षांचा असो की मिशा फुटलेला, असं मोठे भंते म्हणाले. ते सिंहलीत बोलत होते आणि कनगसबै हिंदीत सांगत होता. मोठ्या भंतेंचं सांगून झाल्यावर त्याने स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं, "अम्मा, सोच के बोलो." एक तमिळ हिंदू माणूस आपल्या आईला सांगत होता, मुलगा देण्याआधी विचार कर म्हणून. आईने एकदा तुझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "या मुलखानं मला झाडापशी जाऊ दिलं. मी काय देऊ? माझ्याकडं ह्योच एक हाय." मी नको नको म्हणत होते. पण तिथे मला मात्र कुणीच विचारलं नाही.

तेव्हा तो मुलूख वेगळा होता. मी तुझ्या नोकरीचं बघते, तू फक्त ये.

ताई

&nbsp;

एकलहरे
१२ मार्च १९८४

झुंबर,

तीन पत्रं पाठवली, त्यांना मिळून तुझं एक उत्तर, आणि त्यातही तेच. "आईने ज्या कामासाठी दिलं ते सोडून कसा येऊ." बरं बाबा. मग मी म्हटलं, आईचीच परवानगी ना, आईच ती मागे घेईल. मी नाशिक रोडच्या विहारात गेले आणि तिथल्या भंतेंना विचारलं, आईने दिलेली परवानगी परत घेता येते का? ते आधी हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. म्हणाले, उपासिका, परवानगी एकदाच विचारतात. परत घ्यायची अशी काही रीत विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, नाही. चीवर कधीही उतरवता येतं, पण ते ज्याचं त्याने.

घरी येऊन हे आईला सांगायची दुर्बुद्धी मला झाली. ती जी भडकली! "देल्यालं मागं घ्यायला मी काय भांडी आनली व्हती का बाजारातनं?" दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. विहारात गेली की बाया अजून तिला पुढे बसवतात, भिक्खूची आई म्हणून, आणि तीही ताठ बसते. पण तुला एक सांगते, ते तुला कधीच कुणी सांगितलं नसेल. एकोणऐंशीला तू आमच्या घरी भोजनाला आलास, बाराच्या आत जेवलास, आई तुझ्या पाया पडली, तू आशीर्वाद दिलास आणि विहारात निघून गेलास. तू गेल्यावर आई तुझ्या सतरंजीपाशी बसली आणि तू बसला होतास तिथे तळहात ठेवला. सतरंजी गरम होती तोवर तिने हात काढला नाही. मला म्हणाली, "वाळलाय गं. बरगड्या लागल्या असत्या हाताला." पण हात लावायची सोय नव्हती.

दाजी इंदिरानगरला प्लॉट बघताहेत. तिथून पांडवलेणी दिसतात. शाळा बुडवून तू लेण्यांत जाऊन बसायचास आणि मी तुला कान धरून खाली आणायची. भिक्खूच राहायचं असेल तर इथे राहा, इथे काय दुःख कमी आहे? गावोगाव लोक भंते मिळत नाही म्हणून लग्नंसुद्धा खोळंबवतात.

मी विनवणी करतेय. मला ती नीट जमत नाही, तुला ठाऊक आहे. भांडल्यासारखी वाटली तरी ती विनवणीच समज.

ताई

&nbsp;

एकलहरे
१६ मे १९८५

झुंबर, झुंबर,

हे पत्र तुला मिळो. एवढंच.

काल सकाळी बातमी आली. परवा अनुराधपूरला तमिळ बंदूकवाले बस घेऊन आले, स्टँडवर गोळ्या झाडल्या आणि तिथून झाडाकडे गेले. झाडाच्या आवारात. शंभराच्या वर माणसं म्हणतात. भिक्खू, पांढऱ्या साडीतल्या उपासिका, लहान मुलं. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. समोर दिसेल त्याला मारलं.

तू पौर्णिमेच्या पंधरवड्यात तिथे सेवेला जातोस, तुझ्याच पत्रात होतं. पौर्णिमा चार तारखेला झाली. म्हणजे तू तिथे असशील, किंवा नसशीलही. मी कालपासून याच दोन वाक्यांत फिरते आहे.

तार केली. पोस्टात कोलंबोचा ट्रंक कॉल मागितला, तिथल्या आपल्या वकिलातीला विचारायला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसले. दर थोड्या वेळाने खिडकीतला माणूस म्हणायचा, बाई, लाइन मिळत नाही. शेवटी त्यालाच माझी दया आली, त्याने चहा मागवला. दाजी नाशिकला पेपरच्या कचेरीत जाऊन आले. तिथे नावं आलेली नाहीत. नावं कधी येतील? ते म्हणाले, परक्या देशातली नावं येत नसतात.

आणि घरी काय चाललंय बघ. विहार समितीचा सेक्रेटरी गोटीराम, तुझ्या वर्गातला, तो संध्याकाळी चारपाच जण घेऊन आला. हातात फळा. त्यावर खडूने 'पूज्य भिक्खू रतनपाल यांना श्रद्धांजली' आणि खाली रविवारची वेळ. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं रे? तो म्हणाला, "ताई, सगळी वस्ती तेच म्हणतेय. लाऊडस्पीकरवाल्याला आजच सांगावं लागतं." मी त्याच्या हातातला फळा घेतला आणि पदराने पुसून टाकला. तोंडाला येईल ते बोलले. बिचारा रडत होता, तो तुझ्यावर जीव टाकतो. पण मी त्याला पायरीवरूनच हाकललं.

आई आत भिंतीला टेकून बसली होती, तिने सगळं ऐकलं. मला वाटलं आता ही कोसळणार. ती म्हणाली, "त्या वाळूत मी निजले व्हते." आज सकाळी उठली, आंघोळ केली, वंदना म्हटली आणि भाजी निवडायला बसली. निवडलेली आणि न निवडलेली एकाच ताटात टाकते आहे.

एक ओळ पाठव. नुसतं नाव लिही. तेही नको, कोरा कागद घालून पाकीट पाठव, वरचं अक्षर मी ओळखेन.

ताई

&nbsp;

एकलहरे
११ जून १९८५

झुंबर,

तू आहेस. पाकीट हातात घेऊन मी वर्गात मुलांसमोर रडले. मुलं घाबरली. हेडमास्तरांनी घरी पाठवलं.

तू त्या दिवशी तुमच्या गावातच होतास आणि दुपारी मदतीला गेलास. प्रेतं उचललीस. वाळू घमेल्यांनी भरून बाहेर टाकलीत आणि नवी आणून पसरली. झाडापाशी राहणाऱ्या म्हाताऱ्या उपासिकेला, जी आईची अजून चौकशी करायची, तिला तूच उचललंस. या सगळ्यावर मी काय लिहू? तू हे कसं केलंस, ते मला माहीत नाही.

आता पुढचं. आईला मी पत्र वाचून दाखवत होते. शेवटच्या पानावर आले आणि माझी जीभ अडली. मी तीन ओळी गाळल्या आणि 'सर्वांचं मंगल होवो' वर उडी मारली. आई म्हणाली, "मधलं वाच." म्हटलं, मधे काही नाही. ती म्हणाली, "तू लहानपनी बी खोटं बोलली का नाकपुडी उडवायची. वाच."

मग वाचलं. तूच लिहिलेलं आहे, तरी पुन्हा लिहिते, तुला ते माझ्या अक्षरात दिसू दे. "ती जातच तशी आहे. त्यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय या देशाला शांती नाही. आता वाटतं, त्या रात्री मी दारात उभा राहायला नको होतो."

झुंबर, तू जे पाहिलंस ते मी पाहिलेलं नाही. घरात पंख्याखाली बसून तुला शिकवायचा मला अधिकार नाही. पण 'ती जातच तशी' हे वाक्य आपल्या घरात कुणी कुणी ऐकलंय, हे तुला सांगायला हवं का? अण्णांनी ऐकलं, आजोबांनी ऐकलं. मी मास्तरीण झाले तेव्हा शाळेतल्या पाण्याच्या माठाशेजारी उभं राहून ऐकलं. बोलणाऱ्या प्रत्येकाकडे काहीतरी कारण होतं. तुझ्याकडे त्यांच्यापेक्षा फार मोठं कारण आहे, हे मला कळतं. तरीही वाक्य तेच आहे.

आईने रात्रीचं जेवण घेतलं नाही. सकाळी म्हणाली, कागद घे. ती बोलली तसं लिहिते, एक शब्द माझा नाही.

"झुंबर, मी भिमाबाई बोलतीये. तू जित्ता हाय, लय बरं वाटलं. मरनाचं भ्या मला नव्हतं असं नाय, लय व्हतं, पर मी तुला त्यापायी कधी बोलावला नाय. इमल बोलवत व्हती, मी तिला रागं भरले. आज मी बोलवते. मी दारात उभा ऱ्हानारा पोरगा देला व्हता. त्या पोराला वाटतंय का उभा ऱ्हायला नको व्हतो, तर मग माझं देनं फिटलं. माझी परवानगी मी मागं घेतली. घरी ये. चीवर घालून ये नायतर उतरवून ये. तू काय पाह्यलं ते मला सांग, समदं सांग, मी ऐकीन. तिथं कुनाला सांगू नको, तिथं समद्यांनी तेच पाह्यलंय."

मी तिला आठवण करून दिली, आई, परत घ्यायची रीत नाही, भंतेंनी सांगितलंय. ती म्हणाली, "ठावं हाय मला. तू लिही."

तेव्हा लिहिलं आहे. याचा काही अंमल होत नाही, हे तिला, मला आणि तुलाही माहीत आहे. अंगठा न देता तिने प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही केली आहे. तीन वेळा खोडली आहे, ते समजून घे.

ताई

&nbsp;

एकलहरे
३० सप्टेंबर १९८५

पूज्य भिक्खू रतनपाल,

आज वर झुंबर लिहायचं धाडस होत नाही. आईचं पत्र गेलं त्याला आता तीन महिने होऊन गेले. मग मी आणखी तीन पाठवली. उत्तर नाही. आमच्या पोस्टमनची मी उलटतपासणी घेऊन झाले, तो आता आमच्या गल्लीत शिरताना लांबूनच हात हलवतो. तुमच्या भागात टपाल बंद नाही हे मला ठाऊक आहे, कारण परवा मोठ्या भंतेंच्या सहीचं छापील पत्र नाशिक रोडच्या विहाराला आलं. त्यात मदत करणाऱ्या भिक्खूंमध्ये तुझं नाव होतं. म्हणजे तू आहेस आणि लिहीत नाहीस.

आई रोज विचारत नाही. पोस्टमनच्या वेळेला नुसती दारात येऊन उभी राहते, मग आत जाते. तिला तुझ्यावर रागावता येत नाही आणि पूर्वीसारखं ताठ बसताही येत नाही. विहारात ती आता मागे, खांबाशेजारी बसते. बाया पुढे बोलावतात, ती गुडघ्याचं कारण सांगते.

आज पत्र आलं. तुझं नव्हे. कनगसबैचं.

तो रामेश्वरच्या अलीकडे मंडपमला निर्वासितांच्या छावणीत आहे. रात्री होडीने आले, मासेमारांच्या. आपला पत्ता त्याने त्र्याहत्तर साली लिहून घेतला होता, दर पोंगलला तो कार्ड पाठवायचा. घर गेलं, पण हा पत्ता त्याला तोंडपाठ होता. पत्र चक्क मराठीत आहे. रामेश्वरच्या देवळातले पुजारी मूळचे आपल्याकडचे, त्यांतल्या एकाकडे जाऊन त्याने हे लिहून घेतलं. काळारामाच्या दारात आपल्याला न घेणाऱ्यांपैकीच कुणाचे तरी भाऊबंद असतील ते. पण अक्षर सुंदर आहे आणि त्या पुजाऱ्याने एका ओळीत स्वतःहून लिहिलंय, 'हा गृहस्थ लिहून घेताना रडत होता, कृपया लवकर उत्तर द्यावे.'

पत्रात कनगसबै लिहितो, मी, पुष्पम आणि थोरली मुलगी येथे सुखरूप आहोत. धाकटीचं नाव नाही. मी पत्र वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं, पाकीटसुद्धा उलटून पाहिलं. कुठेच नाही. तिचा बाप आपल्याला भात वाढत होता तेव्हा ती तुझ्याकडे टक लावून बघत होती, तू तिला जीभ काढून दाखवलीस तेव्हा खुदकन हसली होती. आईच्या लक्षात आलंय.

त्याने काहीही मागितलेलं नाही. कपडे नाहीत, मदत नाही. पत्राचं कारण त्याने शेवटी लिहिलंय. अनुराधपूरला काय झालं ते छावणीत येणाऱ्या लोकांकडून त्याला कळलं आणि तेव्हापासून त्याला झोप नाही. तो विचारतो, 'आमच्यासाठी दारात उभे राहिलेले छोटे भंते ठीक आहेत का?'

आई म्हणाली, त्याला लगेच लिही, वाट बघत असंल. मी दुपारपासून कागद घेऊन बसले आहे. भंते जिवंत आहेत, असं लिहिलं. तिथून पुढे सरकत नाही. कारण ते जिवंत आहेत का, असं त्याने विचारलेलंच नाही. ठीक आहेत का, असं विचारलंय. आणि ते मला माहीत नाही. आईला माहीत नाही. सगळ्या नाशकात कुणालाच माहीत नाही.

मला लिहू नकोस, चालेल. घरी येऊ नकोस, तेही आता आम्ही सोसू. पण याला उत्तर तूच दे. खरं असेल ते दे. त्याचा पत्ता लिहिते.

कनगसबै,
निर्वासित छावणी,
मंडपम, जि. रामनाथपुरम,
तमिळनाडू.